खांदा टाकू नको

नगर रस्त्याकडेची गावं पुणे शहरात गेली आणि शहराने ती सावकाश चावून खाल्ली. हिंमतरावांच्या ज्वारीच्या रानात आता काचेची इमारत उभी होती. तिच्यात बसलेली पोरं रात्रभर अमेरिकेतल्या लोकांचे कॉम्प्युटर सांभाळत. शेत गेल्यावर शेतकऱ्याने दिवसभर करायचं काय, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बहुतेकांनी कडक इस्त्रीचे कपडे घातले आणि चौकात जाऊन बसले. हिंमतराव गोल्फ खेळायला लागले. गाव दोन वर्षं हसलं आणि मग कंटाळून गप्प बसलं.

ही हौस त्यांची नव्हती. मुलगा संभाजी कंपन्यांना गाड्या पुरवायचा. कंपन्यांचे साहेब सकाळी गोल्फच्या मैदानावर मोकळेपणी भेटतात, हे त्याला कुठूनतरी कळलं. त्याला स्वतःला वेळ नव्हता आणि बापाला वेळच वेळ होता. लहानपणी बापाने त्याला शाळेत घातलं, तसं त्याने बापाला क्लबात घातलं. दोन्ही वेळी ज्याला घातलं त्याचं मत कुणी विचारलं नाही.

हिंमतरावांच्या दंडात जोर होता. चेंडू लांब जायचा, पण उजवीकडच्या बाभळीत जायचा. काठी उगारली की मन उधळायचं. एवढं पाणी, एवढी निगा, आणि ती कशाची, तर गवताची. आणि ते खायला एक जनावर नाही. हा विचार संपेपर्यंत चेंडू बाभळीत पोचलेला असायचा.

क्लबात शिकवायला बाळ पिंगळे नावाचे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. सगळे त्यांना बाळसर म्हणत. ते एक दिवस म्हणाले, "काका, आपलं मन भटकतंय. मारायच्या आधी स्वतःशी बोला. दोन-चार शब्द, रोज तेच. मनाला तेवढंच काम द्यायचं."

त्यांनी इंग्रजी शब्द दिले. ते जिभेवर बसेपर्यंत हात थंड पडायचे. मग एका सकाळी आसपास कुणी नसताना हिंमतरावांच्या तोंडातून आपोआप निघालं, "सरळ. सरळ चल. खांदा टाकू नको."

चेंडू सरळ गेला.

हे शब्द त्यांच्या बैलाचे होते. पाखऱ्या अंगाने तांबडा, त्यावर पांढरे ठिपके. नांगराला जुंपला की मधेच अंग चोरायचा. त्याला चाबूक चालायचा नाही. हिंमतराव मागून बोलत राहायचे आणि तो कान मागे टाकून ऐकत नांगराचं तास सरळ ओढायचा. बोलणं तीन तुकड्यांचं होतं. सरळ चल. खांदा टाकू नको. आणि तिसरा, हितंच हाय मी. तिसरा तुकडा हिंमतरावांनी मैदानावर कधी उच्चारला नाही. पहिल्या दोनांवर काम भागत होतं.

बाळसर खूश झाले. "काय जादू केलीत, काका?"

"काय न्हाई. तुमी सांगितलं तसं बोलतो," हिंमतराव म्हणाले.

त्या वर्षी दिवाळीनंतर क्लबात जोड्यांचे सामने लागले. हिंमतरावांच्या जोडीला आले सुदर्शन परचुरे. शनिवार पेठेत वाढलेला, अमेरिकेत दहा वर्षं राहून आलेला माणूस. एका मोठ्या नव्या कंपनीत गाड्यांचा ठेका कुणाला द्यायचा, हे त्यांच्या हातात होतं. संभाजीला रात्री झोप येईना. गाड्या अंगणात उभ्या होत्या. ज्यांच्या बापांच्या जमिनी गेल्या ती गावातली पोरं लायसन्स काढून त्या गाड्यांत नुसती बसून राहायची, रेडिओ ऐकायची. हा ठेका मिळाला तर ती कामाला लागणार होती. नाही मिळाला तर त्यांनाही चौक होताच.

सकाळी संभाजी बापाला सोडायला आला. "आबा, टेन्शन घेऊ नका. फक्त बॉलकडं बघा. परचुरे साहेबांचा मूड जाऊ देऊ नका."

"आनि चेंडू बाभळीत ग्येला तर?"

"नका ना असं बोलू," संभाजी म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की हिंमतरावांना पोराची दया आली.

परचुऱ्यांना हरणं आवडत नव्हतं आणि ते लपवणंही जमत नव्हतं. पहिल्याच फटक्याला हिंमतराव पुटपुटायला लागले तेव्हा ते म्हणाले, "काका, आरती झाली की कळवा, आम्ही प्रसादाला येतो."

हिंमतराव ओशाळले. पुढचे काही फटके त्यांनी तोंड मिटून मारले आणि प्रत्येक चेंडू उजवीकडे गेला. परचुरे नुसते हातमोजा काढून पुन्हा घालत राहिले. ते त्यांच्या बोलण्यापेक्षा वाईट होतं. दूर दोरीपलीकडे संभाजी उभा होता आणि त्याने कानाला लावलेला फोन खाली घेतला होता. शेवटी हिंमतरावांनी लाज गुंडाळून ठेवली. सरळ चल. खांदा टाकू नको. चेंडू ऐकायला लागला. हळूहळू त्यांनी गमावलेलं परत मिळवलं आणि शेवटच्या खड्ड्याला दोन्ही जोड्या बरोबरीत आल्या.

हिंमतरावांचा चेंडू खड्ड्यापासून जेमतेम दोन पावलांवर होता. तो आत गेला की जिंकले. एवढ्या अंतरावरून कुणीही घालेल, पण सगळे गप्प उभे असले की दोन पावलं फार लांब असतात. हिंमतराव वाकले. सरळ चल, ते म्हणाले. काठी चेंडूमागे टेकवली आणि पुन्हा उचलली. खांदा टाकू नको. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. त्यांनी मान वर केली तर दोरीपलीकडे संभाजीने डोळे मिटून घेतले होते.

"हितंच हाय मी," हिंमतराव म्हणाले.

चेंडू गेला तो सरळ खड्ड्यात पडला. टाळ्या झाल्या. परचुऱ्यांनी त्यांचा खांदा थोपटला आणि हसत विचारलं, "काका, मंत्र तरी सांगा आम्हाला."

हिंमतरावांना ते ऐकू आलं नाही. त्यांना टेम्पो दिसत होता. शेत गेल्यावर वर्षभर पाखऱ्या गोठ्यात नुसता उभा होता. मग संभाजीला गाड्या लावायला अंगण हवं झालं आणि गोठा पाडायचा आणि बैल विकायचा ठरला. बैल न्यायला आलेल्या दलालाने ओढलं, ढकललं, शेपूट पिरगाळली, पण पाखऱ्या फळीवर पाय ठेवेना. शेवटी दलाल म्हणाला, मालक, तुम्ही बोला. हिंमतराव मागे जाऊन उभे राहिले आणि बोलले. सरळ चल. खांदा टाकू नको. हितंच हाय मी. पाखऱ्याने कान मागे टाकले आणि तो चढून गेला. टेम्पोचं मागचं फाळकं लागलं तेव्हाही त्याचे कान मागेच होते.

घरी येताना संभाजी गाडी चालवत एकटाच बोलत होता. परचुरे साहेबांनी उद्या ऑफिसला बोलावलं होतं. अंगणात पोरांनी गाड्यांचे हॉर्न वाजवले. हिंमतराव थेट स्वयंपाकघरात गेले. त्यांची बायको प्रेमलाबाई तिथे भाकरी थापत होत्या. पाखऱ्या गेला त्या दिवशी त्या दाराआड उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्याबद्दल आजवर त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"आज त्येच बोललो," हिंमतराव म्हणाले. "तिसरंबी."

प्रेमलाबाईंचे हात थांबले. "मग? ऐकलं का चेंडूनं?"

"ऐकलं."

"त्योबी ऐकायचा," त्या म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

हिंमतराव तिथेच पाटावर बसले आणि पंचा तोंडाला लावून रडले. प्रेमलाबाईंनी त्यांना रडू दिलं.

ठेका संभाजीलाच मिळाला. गाड्या रात्रंदिवस धावायला लागल्या. पोरांची लग्नं जमली, आणि संभाजी चारचौघांत सांगायचा की आमच्या आबांच्या एका फटक्याने हे झालं. त्यात खोटं काही नव्हतं. परचुरे दर रविवारी काकांना जोडीला बोलवत, म्हणून हिंमतराव जात. पण ते आता तोंड मिटून खेळत आणि चेंडू पुन्हा बाभळीत जायला लागले. काही महिन्यांनी परचुऱ्यांनी दुसरा जोडीदार शोधला. वयाचा परिणाम, असं क्लबात म्हणू लागले.

एका सकाळी बाळसरांना राहवलं नाही. हिंमतराव बाभळीखाली चेंडू शोधत होते. सर जवळ येऊन म्हणाले, "काका, सगळं छान बसलं होतं आपलं. सोडून का दिलंत? पुन्हा सुरू करा. मारायच्या आधी स्वतःशी बोलायचं, बस."

हिंमतरावांना चेंडू सापडला. त्यांनी तो धोतराला पुसला आणि हातात धरून उभे राहिले.

"सर," ते म्हणाले, "मी सोताशी बोलत नव्हतो."