थ्री-पीस शेजारी

लखनौच्या मे महिन्यात थ्री-पीस सूट घालून भाजी आणायला जाणारा माणूस जगात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या नशिबी शेजारी म्हणून आला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्याहून तिथल्या एका संशोधन संस्थेत रुजू झालो आणि तेलीबागेत खोली घेतली. भिंतीपलीकडे हे काका राहत. मूळ भंडाऱ्याकडचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. बायको-मुलं नागपुरात, हे लखनौत एकटे. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्याचा भाजणारा वारा, असा वाहायचा की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसायची, आणि आमचे काका टाय आवळून, वेस्टकोटाची सगळी बटणं लावून, कापडी पिशवी हातात धरून परवलाचा भाव विचारत उभे. सब्जीवाला त्यांना ‘बड़े साहब’ म्हणायचा आणि बड्या साहेबाला शोभेल असाच भाव लावायचा. "काका, तो लुटतोय तुम्हाला," मी एकदा न राहवून म्हणालो. "लुटू द्या हो डॉक्टर," ते म्हणाले, "साहेब समजून लुटतो आहे ना?"

सकाळी सहाला भिंतीपलीकडून कोळशाच्या इस्त्रीचा वास यायचा. पँटची घडी मोडू नये म्हणून काका बसमध्ये रिकामी जागा असली तरी उभे राहत. होळीच्या दिवशी अख्खी गल्ली हिरवी-जांभळी झालेली असताना हे करड्या सुटात दारात उभे, आणि भल्याभल्या दंगेखोर पोरांची हात उचलायची हिंमत होत नसे. लखनौचा अभिमान असलेलं चिकनचं भरतकाम तर त्यांना मुळीच खपत नसे. चौकातल्या एका दुकानदाराने मोठ्या अदबीने जाळीकामाचा झिरझिरीत कुर्ता त्यांच्यापुढे पसरला, तेव्हा ते तो उजेडाकडे धरून म्हणाले, "क्यों भैया, पैसे देऊन भोकं विकत घ्यायची? अंदर का बनियन सब को दिखेगा." दुकानदाराने कुर्ता हिसकून घेऊन छातीशी धरला. मी मान खाली घालून काकांना बाहेर ओढलं.

पण माझे खरे हाल वेगळेच होते. मी पडलो गबाळा. गुडघ्यावर विटलेला पायजमा आणि वरचं बटण तुटलेला शर्ट एवढ्यावर माझी रविवारची सगळी कामं व्हायची. काका मला दारातच अडवत. "वैज्ञानिक म्हणे! काढा तो शर्ट." मग मी बनियनवर त्यांच्या खाटेवर बसलेला, आणि ते माझ्या शर्टाला बटण लावून वर इस्त्री करताहेत, असे कित्येक रविवार गेले. एकदा मी चिडून म्हणालो, "काका, कपड्यांनी काय फरक पडतो?" ते इस्त्री फिरवायचे थांबले. "तुम्हाला नसेल पडत," एवढंच म्हणाले आणि पुन्हा कॉलरकडे वळले. मला ते नेहमीचं वेड वाटलं. मी तसा मठ्ठच होतो.

ऐंशी साल उलटून गेल्यावर त्यांचे वडील डोळ्यांच्या इलाजासाठी गावाहून आले. काका त्यांना बा म्हणत. मूठभर हाडं, हातात काठी, आणि धोतर गुडघ्याच्या चांगलं वर. मी सहज म्हणालो, "थंडीत बांना धोतर जरा खाली तरी सोडायला सांगा." काका म्हणाले, "डॉक्टर, आमच्या गावात आमच्या लोकांनी धोतर गुडघ्याखाली सोडायचं नाही असा कायदा होता. लिहिलेला नव्हता, पण होता. बांनी तरुणपणी लग्नात एकदा सोडलं, तर भर चौकात पाठीवर काठ्या बसल्या. आता त्यांचे डोळे चाललेत. पूर्ण जायच्या आत एकदा बुटापर्यंत पँट घातलेली त्यांची त्यांना दिसली पाहिजे. सुटात एक फोटो. बस." मला कुठे तोंड लपवावं कळेना. विटक्या पायजम्यात सगळं लखनौ हिंडायची चैन मला कुणाच्या जिवावर परवडत होती, ते मी पहिल्यांदाच पाहत होतो.

चौकातल्या म्हाताऱ्या शिंप्याकडे, मास्टरजींकडे, आम्ही माप द्यायला गेलो. टेप दिसताच बांनी दोन्ही हात वर केले, जणू झडतीच घेताहेत. "हाथ नीचे, बुज़ुर्गवार, हम तो आपके ख़ादिम हैं," मास्टरजी म्हणाले. बा माझ्याकडे वळून कुजबुजले, "मले कायले पायजे हे? मातीत जायाचं वय हाय माह्यं." काका खाली बसून मास्टरजींना पँटची लांबी पुन्हा पुन्हा सांगत होते. "बुटावर टेकली पाहिजे. हाँ, टेकलीच पाहिजे."

फोटोच्या दिवशी बा सुटात बाहेर आले आणि मी थक्क झालो. फार रुबाबदार दिसत होते. काका तर पुन्हा पुन्हा त्यांची कॉलर सारखी करत होते. आम्ही फाटकाशी पोचलो, तेवढ्यात घरमालक पंडितजी बाहेर आले. सज्जन माणूस. हात जोडून म्हणाले, "अरे वाह, बाबूजी! आज तो आप लाट साहब लग रहे हैं." बांनी काठी भिंतीला टेकवली, वाकले, आणि पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वर दुमडून घेतले.

पंडितजींना काहीच कळलं नाही. ते हसत निघून गेले. काका धुळीत बसले, सुटासकट, आणि बांच्या पँटचे पाय खाली सोडू लागले. "राहू दे, पोरा," बा म्हणाले, "मालक पायते."

"मालक गेला, बा."

"गेला?"

"केव्हाचा गेला."

तरी बांचा हात पुन्हा मांडीवरच्या कापडाकडे गेला. काकांनी ते तीनदा खाली केलं. सत्तर वर्षांची भीती एका दिवसात कोण उसवणार?

फोटो झाला. बा चार दिवसांनी आपल्या धोतरात गावी परतले. सूट नेला नाही. "गावात कुठी घालू?" म्हणाले. पुढच्याच हिवाळ्यात ते गेले.

माझी बदली झाली, तेव्हा काकांचा निरोप घ्यायला गेलो. भिंतीवर तो फोटो होता: दोघे उभे, दोघे सुटात, बांच्या एका हातात काठी आणि दुसरा हात काकांच्या हातात. मी म्हणालो, "किती प्रेमाने हात धरलाय बांचा."

"प्रेमाने कुठला!" काका म्हणाले. "फोटोवाला ‘हिलना मत’ म्हणाला आणि यांची मूठ पुन्हा पँट वर ओढायला लागली. म्हणून दाबून धरला." त्यांनी रुमालाने फोटोची काच पुसली. "मग थोड्या वेळाने त्यांनी ओढायचं सोडून दिलं, डॉक्टर. मला कळलं होतं. पण मी काही हात सोडला नाही."