ॲपमधला एकमेव सभासद

रांझीच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. तिथे मास्टर गेज, म्हणजे मूळ प्रमाण माप, एकच असे. बाकी सगळी त्याच्याशी पडताळायची. निवृत्तीनंतर मोबाईल ॲप लिहायला शिकलो तेव्हा ‘सिंगलटन’ भेटला आणि जुना दोस्त भेटल्यासारखं झालं: ॲपभर एका वस्तूचा एकच नग, कुणीही कुठूनही मागितला तरी तोच हाती येणार. मग काय, दिसेल त्याला मी सिंगलटन करत सुटलो.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी नावनोंदणीचं ॲप केलं, त्यात लॉगिन केलेला सभासदही सिंगलटन. त्या वर्षी बायकोला गायचं होतं. मुलं, माझी आई, यात तिचं गाणं मागेच पडलं होतं. रोज दुपारी ती पेटी काढून बसायची. तिचा मोबाईल बिघडलेला, म्हणून माझ्या मोबाईलवरून मी लॉगआऊट केलं, तिने तिच्या नंबराने लॉगिन करून अभंगासाठी ‘नाव द्या’ दाबलं. पडद्यावर ‘नोंद झाली’ आलं.

कार्यक्रमात अभंगासाठी माईकवरून पुकारलं ते माझं नाव. ती नऊवारी सावरत उठलेली, तशीच थांबली. सूत्रसंचालक म्हणाला, “चला काका, शरमाते क्यों हो!” सगळे हसले. मी तिचं नाव सांगायचं, तर म्हणालो, “हिने काहीतरी चुकीचं दाबलं असेल.” आणखी हशा. ती खाली बसली.

घरी येऊन कोड पाहिला. लॉगआऊटला पडदा बदलत होता, पण आत साठवलेला सभासद पुसायला मी विसरलो होतो. तिने लॉगिन केलं तरी ॲपच्या लेखी त्या मोबाईलवर जगात एकटा मीच. चूक गुपचूप दुरुस्त केली. मंडळात मात्र “काकूंना ॲप जमत नाही” हा विनोद रुळला, आणि तिने पुन्हा कधी नाव दिलं नाही.

गेल्या आठवड्यात शेवटी सांगितलं. ती मेथी निवडत होती.

“म्हणजे मी बरोबरच दाबलं होतं?”

“हो.”

“अन् इतकी वर्षं मी मोबाईलला हात लावायला भिऊन राहिली!”

मंडळाच्या ग्रुपवर खुलासा लिहायला बसलो: ‘काही तांत्रिक कारणामुळे...’ ती खांद्यावरून वाचत होती.

“तांत्रिक काहून? कारण तर इथं खुर्चीत बसलंय.”

खोडून ‘माझ्या चुकीमुळे’ लिहिलं.

“अच्छा, आता पाठवा. अन् खाली लिहा, यंदा मी गाणार आहे. नाव मी तोंडी देईन.”