वास गेल्यावर

आक्काची सून लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली ती नाकाला रुमाल लावून, आणि गेली तीही रुमाल लावूनच. तिच्या मागोमाग मुलगा गेला. वर ऐकवून गेला, "आई, शेणाच्या ढिगाशेजारी माणसं राहतात का?" ज्या शेणावर लहानाचा मोठा झाला, त्याच शेणाचा आता साहेबांना वास यायला लागला होता.

आक्का मुलखाची हट्टी. गुरंही सोडायची नाहीत आणि मुलगाही परत आणायचा. गुरांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला: काडीकचरा कोंडून जाळायचा, त्याच्या कोळशाचा चुरा शेणात कालवायचा, कोळसा वास पितो, खतही कसदार होतं. डॉक्टर त्याला बायोचार म्हणत. आक्का म्हणे काळी पूड.

पहिल्या खेपेला तिनं घाई केली. कोळसा वरून विझला होता, आत धग होती. तसाच कालवला आणि ढीग आतल्या आत धुमसायला लागला. शेजारीण ओरडली, "वासानं भागलं नाही म्हणून आता धूर का?" आक्कानं बादल्यांवर बादल्या ओतल्या आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. मग शहाणी झाली. कोळसा पाण्यात बुडवून विझवायचा, गुरांच्या मुतात भिजवायचा, मगच शेणात मिसळायचा. वर ढीग सारखा उलटायचा. नखं काळी ती काळीच राहिली, कंबरेचा भुगा झाला. पण वास गेला, माशाही गेल्या. शेजारणीनं गोठ्याकडची खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली, तेव्हा आक्कानं मुलाला फोन लावला. "ये रे आता. वास नाही."

तो खरंच आला. सोबत एक अनोळखी माणूस होता. आक्का फावडं टाकून धावली. मुलगा ढिगापाशी उभा राहून छाती भरून श्वास घेत होता. तिला भरून आलं.

"बघा, म्हटलं नव्हतं?" तो त्या माणसाला म्हणाला. "आता इथं घरं बांधली तर कोण नाक मुरडेल?"

माणूस मान डोलावत जागा पाहायला निघाला. जागा मुलाच्या नावावर होती. नवरा गेल्यावर आक्कानंच करून दिली होती, मोठ्या हौसेनं.

"आणि गुरं?" तिनं विचारलं.

"आता झेपतं का तुला?"

"आणि मी?"

"बघू ना, करू काहीतरी. आधी अंघोळ करून ये. ते घरात बसणार आहेत आणि तुझ्या अंगाला शेणाचा वास येतोय."