मारुतीची बारा तासांची ड्यूटी

सर्व भाविक, रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि विशेषतः माझ्या सासरची मंडळी यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, खाली लिहिणारीने करोनाच्या काळात पारनेर तालुक्यातल्या एका फाट्यावरच्या मारुतीला, त्याची पूर्वसंमती न घेता, बारा तासांची ड्यूटी लावली होती. ड्यूटीचं स्वरूप: तोंडाला मास्क लावून उभं राहणे. चहा नाही, पाणी नाही, नाक खाजवणं नाही. हे कृत्य मी पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात केलं. आजवर त्याची कबुली फक्त एका बाईपाशी दिली होती. आज तुमच्यापाशी देते.

मी नर्स आहे. दवाखान्याचं नाव सांगत नाही, नोकरी अजून चालू आहे. वीस-बावीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले की गोळ्या-इंजेक्शनं सगळ्यांकडेच असतात, माझ्याकडे चेहरा जास्तीचा आहे. सुई टोचताना मी असं तोंड करायचे की समोरच्याला वाटावं, सुई हिलाच टोचली. रडकी पोरं हसायची, म्हातारे कडू औषध मुकाट घ्यायचे. वॉर्डात मी आले की नाटकाचा पडदा वर जायचा. करोना आला आणि तो पडदा माझ्याच तोंडावर पडला.

सकाळी सातला चढवलेला मास्क संध्याकाळी सातला उतरायचा. मधे पाणी प्यायचं नाही, कारण प्यायलं तर पुढचे प्रश्न उभे राहतात आणि तो सगळा पोशाख उतरवायला वेळ कुणाला होता? स्वतःचाच गरम श्वास स्वतःच्याच तोंडावर. चष्म्यावर वाफ. दुपारनंतर डोकं असं ठणकायचं की सलाईनचे थेंब मोजताना आकडा विसरायचे. मास्कमधून कुणाला ऐकू जात नाही म्हणून ओरडून ओरडून घसा बसला. गालांवर पुरळ, नाकाच्या हाडावर काळानिळा चर. एकदा रात्री घरी जेवायला बसले तर आमचे हे मला म्हणाले, "घरात तरी काढ की तो." मी तासाभरापूर्वीच काढला होता. त्यांना दिसत होते ते वळ.

पण सगळ्यांत वाईट हाल झाले कानांचे. मास्कचे रबर कानांमागे करकचून रुतायचे. रोज त्याच जागी. आधी लाल झालं, मग सोलवटलं, मग डाव्या कानामागे भेग पडून त्यातून पू यायला लागला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस मास्क लावू नका, जखम वाळू द्या. दिवसपाळीला वॉर्डात इन्चार्ज सोडून आम्ही दोघीच उरलो होतो. मी घरी बसले तर माझ्या जोडीदार सिस्टरने अख्खा वॉर्ड एकटीने ओढायचा का? वर साहेबांना सांगायला गेले, तर ते स्वतःचा मास्क हनुवटीवर लटकावून म्हणाले, "सवय होईल, सिस्टर." लोक आमच्यासाठी टाळ्या वाजवत होते. मला त्या टाळ्यांचाही राग यायचा. टाळ्या कानांना ऐकू येतात, आणि माझे कान तर आधीच दुखत होते.

त्या शुक्रवारी दुपारी मला सहन झालं नाही. एका आजीला ऑक्सिजन लावत होते आणि कानातून अशी कळ आली की मी डावं रबर सरळ कानावरून काढलं. मास्क एका बाजूला लोंबला. चार श्वास घेतले असतील. तेवढ्यात आमच्या इन्चार्ज सिस्टरने पाहिलं आणि अख्ख्या वॉर्डासमोर मला फैलावर घेतलं. तिचं बरोबर होतं. त्या चार श्वासांत मी आजीला काय दिलं असतं आणि आजीकडून काय घेतलं असतं, हे मला तिच्याइतकंच ठाऊक होतं. चूक माझी होती, म्हणून राग दुप्पट झाला. सुट्टी व्हायच्या आत मी एका कागदावर राजीनामा लिहिला, घडी करून पर्समध्ये ठेवला. उद्या सकाळी द्यायचा आणि सुटायचं.

घरी जाताना वाटेत फाट्यावर लिंबाखाली तो मारुती आहे. देऊळ वगैरे नाही, नुसता ओटा आणि त्यावर शेंदराने माखलेला उभा दगड. लहानपणी वडिलांच्या सायकलवर बसून मी दर शनिवारी त्याला तेल घालायला यायचे. लग्नानंतरही जमेल तसा नेम चालू ठेवला होता. गेल्या कित्येक शनिवारांत मात्र मी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी गाडी थांबवली. उजेड अजून होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पर्समधून उद्यासाठी मिळालेला नवा मास्क काढला. आम्हाला ते मोजून मिळायचे, पण मला उद्या कुठे लागणार होता? मी ओट्यावर चढले आणि मोठ्याने म्हणाले, "वडिलांपासून तेल पितोस आमच्याकडून. आता बारा तास हा लावून दाखव. मग मला सांग सवय होते का."

आणि इथे माझी फजिती झाली. मारुतीला कान नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर थरावर थर चढून त्याचं सगळं डोकं गुळगुळीत झालेलं. रबर अडकवायचं कशात? मी डावीकडून लावते तर उजवीकडून निसटतंय. शेवटी शेंदराच्या एका उंचवट्यावर कसंबसं एक रबर अडकवलं. मास्क हनुवटीवर लोंबत राहिला, हुबेहूब आमच्या साहेबांसारखा. मला रडू आलं. शिक्षा द्यायला गेले तर तीही धड जमली नाही.

रात्रभर कानही ठणकला आणि मनही. सकाळी साडेसहाला निघाले ते दोन कामांसाठी. एक राजीनामा द्यायचा, आणि दुसरं, कुणी पाहायच्या आत तो मास्क काढून घ्यायचा. कितीही राग असला तरी गावात तोंड दाखवायचं असतं. मारुतीच्या बारा तासांतला अर्धाएक तास अजून बाकी होता.

ओट्यापाशी आले आणि जागीच थांबले. मास्क नीट बसलेला होता. नाकावर, हनुवटीखाली, जिथल्या तिथे, नर्सिंगच्या पुस्तकातल्या चित्रासारखा. दोन्ही रबरं डोक्यामागे ओढून घेऊन, जुन्या लुगड्याच्या मऊ किनारीने एकमेकांना बांधली होती. गळ्यात रुईच्या पानांची ताजी माळ होती. चिटपाखरू नव्हतं.

खरं सांगते, आधी मला संतापच आला. मी महिनोन्‌महिने कळवळते आहे तर माझ्यासाठी कुणी नाही, आणि याला एका रात्रीत माणूस मिळाला! मी रागाने ती गाठ सोडायला हात मागे नेला. गाठ भक्कम होती. बोटं तिच्यावर फिरत राहिली. कानांवर काहीच नव्हतं. सगळा ताण डोक्यामागे, त्या मऊ पट्टीवर. मास्क उलट जास्त घट्ट बसला होता. ज्याला कानच नाहीत, त्याला कानांचा आधार न घेता मास्क बांधावा लागणार, हे कुणाला तरी सुचलं होतं. आम्हा शिकलेल्या बायकांना मात्र सुचलं नव्हतं. गाठ सोडली नाही. हात जोडले, की नुसते खाली आले, ते आठवत नाही.

दवाखान्यात गेले आणि इन्चार्ज सिस्टरकडे नवा मास्क मागितला.

"कालच दिला होता की. तो कुठे गेला?"

"मारुतीला दिला."

"आधी ड्यूटीवर चला, विनोद मग करा," ती म्हणाली, पण मास्क दिला.

मी बँडेजच्या गुंडाळीतून वीतभर पट्टी कापली, दोन्ही रबरं मागे टोपीवर ओढून त्या पट्टीने बांधली, आणि कितीतरी दिवसांनी माझे कान मोकळे झाले. दुपारपर्यंत माझ्या जोडीदारणीनेही तेच केलं. संध्याकाळी इन्चार्ज सिस्टर माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली, बांधून दे म्हणून. आठ-दहा दिवसांत जखम वाळली. राजीनाम्याची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी त्या आजीचे ऑक्सिजनचे आकडे लिहिले. आजी चालत घरी गेली.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम लवकर निघाले. ओट्यावर एक म्हातारी रुईची पानं ओवत बसली होती. पूर्वी ती तिथे माळा विकायची. आता गिऱ्हाईक नव्हतं, तरी देवापुरती एक माळ ती करत होती.

मी मास्कमधूनच विचारलं, "मावशी, मारुतीला हा तुम्ही बांधला?"

"बांधू न्हाई तर काय करू? कुन्या मुडद्यानं हनुवटीला लटकावून ठेवला हुता. बांधायचं तर नीट बांधावं की. आन् कानाला बांधून काय टिकतंय व्हय? म्हशीचं दावं कानाला बांधत्यात का?"

"हो ना, काय एकेक माणसं असतात!" मी म्हणाले. साक्षात मारुतीसमोर.

यात चमत्कार होता का? आमच्या ह्यांना फक्त पट्टीचं ठाऊक आहे; ते म्हणतात, याला डोकं चालवणं म्हणतात. म्हणू देत. मला एवढंच कळतं की मी रागाने त्याच्या तोंडावर जे फेकलं, ते त्याने सकाळपर्यंत नीट करून माझ्यापुढे धरलं. शांतपणे शरण जाणं मला कधी जमलं नाही. मी अजून त्याच्याशी भांडते, साहेबांवर तर अजून चिडते. पण आता भांडून झालं की ओट्यावर थोडी थांबते, त्याला उत्तर द्यायला वेळ देते. पूर्वी तेवढंही थांबत नव्हते.

मास्क सुटले तेव्हा मी एका शनिवारी उघड्या तोंडाने तेल घालायला गेले. मावशीने मला ओळखलंच नाही. आवाजावरून ओळख पटली. मग मी सगळं सांगून टाकलं. "मावशी, तो मुडदा मीच." म्हटलं, आता शिव्या बसणार. ती उठली, जवळ आली, माझ्या नाकावरचा तो काळा चर तिने बोटाने चाचपला. माझे केस बाजूला करून कानामागचा व्रण पाहिला. मग माझ्याकडे पाठ करून कमरेवर हात ठेवले, आणि मारुतीवरच कडाडली:

"आख्खा डोंगर आनला तू औषधाचा, मान्य हाय! पन तवा तुजं तोंड तरी उघडं हुतं रं!"