होर्स्टचा डावा हात

माझी शेवटची पोस्टिंग जर्मनीतलं इंगोलश्टाट. ऑर्डर कुणी काढली नाही. बायको गेली, मुलगा अमोल म्हणाला, "पप्पा, साताऱ्यात एकटे काय करणार?" आणि मी बिगुल बॅगेत टाकून इकडे आलो. पायदळात अठ्ठावीस वर्षं काढली. बिगुलर म्हणून भरती झालो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. सकाळी ०६०० ला डोनाऊ नदीच्या काठावर उभा राहून बिगुल वाजवला. पलटणीत याच वेळी वाजतो, मग इथे काय बिघडलं? ०६२० ला पोलीस हजर. तो जर्मनमध्ये बोलतोय, मी सावधान उभा. तेवढ्यात हिरवा एप्रन घातलेला एक उंच म्हातारा सायकलवरून उतरला, पोलिसाशी काहीतरी बोलला आणि माझ्या दंडाला धरून मला घेऊन निघाला. तो होर्स्ट.

त्यानं मला आपल्या श्रेबरगार्टनमध्ये नेलं. म्हणजे गावाबाहेर भाड्यानं मिळणारा बागेचा तुकडा, त्यात एक लाकडी खोपटं. "इथे वाजव," तो खुणेनं म्हणाला, "पण एक ते तीन नाही. रूएत्साइट." दुपारी शांतता पाळायची वेळ. मग खोपट्यातून त्यानं साइड ड्रम काढला. तरुणपणी सक्तीच्या लष्करी नोकरीत तो ड्रमर होता, नंतर चाळीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात फिटर. मला जर्मन येत नव्हतं, त्याला इंग्रजी जेमतेम. पण मी कॉल वाजवला की तो मागून ताल धरायचा, आणि तो अचूक असायचा.

आवाज ऐकून पोरं जमायला लागली. काही जर्मन, काही आपल्या इंजिनिअर मंडळींची. इथे संस्था नोंदवायची तर सात सह्या लागतात. पहिली होर्स्टची, दुसरी माझी. असं आमचं युवा ड्रम आणि बिगुल पथक उभं राहिलं. दर शनिवारी १००० वाजता शाळेच्या जिममध्ये फॉल-इन. वर्ड ऑफ कमांड, म्हणजे परेडचे हुकूम, हिंदीतच, कारण मला दुसरे येत नाहीत. सोनेरी केसांची पोरं "थम!" म्हटल्यावर अशी थांबायची की छाती भरून यायची. माझी नात सानिका, वय पंधरा, होर्स्टच्या शेजारी ड्रमवर. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते.

तीन वर्षं हे असंच चाललं. चौथ्या वर्षी गावाच्या उन्हाळी मिरवणुकीत आमच्या पथकाला पहिल्यांदाच सर्वांत पुढे चालायचा मान मिळाला. होर्स्ट एकाहत्तर वर्षांचा. पण नव्या नवरदेवासारखा नाचत होता.

मिरवणुकीच्या पंधरा दिवस आधी, शनिवारी, १०४० च्या सुमारास मला ते ऐकू आलं. रोल वाजवताना दोन्ही काठ्या एकसारख्या पडाव्या लागतात. होर्स्टची डावी मागे पडत होती. अगदी किंचित. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मी आयुष्यभर ड्रमच्या पुढे उभा राहिलोय. ब्रेकमध्ये पाहिलं तर त्याला डाव्या हातानं पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येत नव्हतं.

"होर्स्ट, डॉक्टर," मी म्हणालो.

त्यानं मला सामानाच्या खोलीत ओढलं, दार लावलं आणि खिशातून कार्ड काढून दाखवलं. डॉक्टरचा टर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ. मिरवणूक रविवारी, टर्मिन सोमवारी ०८३०. "सोमवारी जातो. तोपर्यंत कुणाला एक शब्द नाही. माझ्या बायकोला तर मुळीच नाही. एहरेनवोर्ट?" इमानाचा शब्द. त्यानं उजवा हात पुढे केला.

मी हात मिळवला.

आता तुम्ही म्हणाल, सुभेदार, अक्कल गहाण ठेवली होती काय? ठेवलीच होती. पण पलटणीची रीत ऐका. कॉम्पिटिशनच्या आधी जो एम. आय. रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात जातो, तो कामचुकार. आणि जोडीदाराचं दुखणं जो वर सांगतो, त्याच्याबरोबर कुणी जेवायला बसत नाही. होर्स्ट माझा जवान असता तर कानाला धरून नेला असता. पण तो माझ्या बरोबरीचा होता, आणि मी शब्द दिला होता.

ते पंधरा दिवस माझे मला माहीत. ताटातलं तसंच राहायचं. सूनबाई विचारायची, "बाबा, भाजी आवडली नाही का?" रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून बागेत जायचो, होर्स्टला टोमॅटोची रोपं बांधताना बघायचो. गाठ तो एकट्या उजव्या हातानंच मारायचा. एकदा बोलता बोलता त्याला माझं नाव आठवेना. हसून म्हणाला, "ऊन." त्या दिवशी मी त्याच्या घराच्या फाटकापर्यंत गेलो. बायको रेनाटे खिडकीत उभी होती. तिनं हात केला. मीही हात केला आणि भेकडासारखा मागे फिरलो.

रविवारी कॉलम १४०० वाजता निघाला. चौतीस डिग्री. मी पुढे, मागे बिगुल, त्यामागे ड्रम. अमोल वॉकीटॉकी घेऊन चौकात. पहिला किलोमीटर ताल चोख. इतका चोख की मला शंका आली. कान देऊन ऐकलं. होर्स्टचा डावा ठोका येतच नव्हता, आणि ती जागा सानिका भरत होती. एकही चुकवत नव्हती. पोरीला हे आयत्या वेळी कसं सुचलं, असं वाटून गेलं. पुढचा विचार करायला वेळ नव्हता.

मान वळवून पाहिलं. होर्स्टचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, पाय तालात. समोर शंभर पावलांवर महापौरांचा मंच. मी काय केलं? चाललो. मंच ओलांडू, मग बघू, असं म्हणत चाळीस पावलं चाललो. ती मी मोजली आहेत. मग ओरडलो:

"परेड, थम!"

एकवीस पोरं एका ठोक्यात थांबली. होर्स्ट थांबला नाही. आणखी दोन पावलं टाकून तो गुडघ्यावर आला.

"अमोल, पप्पा बोलतोय. ॲम्ब्युलन्स. ओव्हर."

"कुणाला? ओव्हर."

"होर्स्ट. मेंदूचा झटका. धाव."

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो उजव्या हातानं मला ढकलत होता. "वायटर," म्हणत होता. पुढे चला. १४३१ ला ॲम्ब्युलन्स आली.

तो चार दिवस होता. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी रेनाटेसमोर उभा राहिलो. सानिका सोबत होती. जर्मन वाक्य घरून पाठ करून नेलं होतं. मला माहीत होतं. पंधरा दिवस. मी बोललो नाही, मला माफ करू नका.

रेनाटेनं मला शेजारच्या बाकावर बसवलं. मग हळू बोलली. सानिका मराठीत सांगायला गेली आणि मध्येच अडखळली, पण मला कळलं होतं. रेनाटेला पाच आठवडे माहीत होतं. त्याच्या हातून कॉफीचा कप पडला होता. त्यानं तिच्याकडूनही वचन घेतलं होतं: सुभेदारला सांगू नकोस, कळलं तर तो मला परेडमधून काढेल.

"काढलं असतंत?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं असतं, तर त्याच क्षणी काढलं असतं.

सानिका भिंतीला टेकून खाली बसली. "आजोबा, मलापण," ती म्हणाली. मराठीत. "त्यांनी मला डावे ठोके शिकवले. दोन आठवडे. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही रागवाल."

तिथे, त्या बाकावर, मी रडलो. नोकरीत असा कधी रडलो नव्हतो. आम्ही तिघं होतो. प्रत्येकाला वाटत होतं, ओझं आपल्या एकट्यावर आहे. एकानं तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याला हायसं वाटलं असतं.

होर्स्ट गुरुवारी सकाळी ०९१० ला गेला. त्याच्या दफनाला पथकानं काहीही वाजवलं नाही. पोरं ड्रम आणि बिगुल खाली ठेवून उभी राहिली. मी एकट्यानं लास्ट पोस्ट, म्हणजे गेलेल्याला निरोप देणारा बिगुल कॉल, वाजवला. मधला एक सूर फुटला. फुटू दिला.

आता शनिवारी फॉल-इन झाल्यावर पहिला हुकूम सिक रिपोर्टचा. कुणाला काय दुखतंय, सगळ्यांसमोर सांगायचं. सुरुवात माझ्यापासून: गुडघा, बीपी, आणि हल्ली डाव्या कानानं कमी ऐकू येतं. पहिल्या शनिवारी आधी मी बोललो. मग पथकातला लुकास म्हणाला, पोट दुखतंय. लेना म्हणाली, तिला घरी जायला नको वाटतं. त्या दिवशी प्रॅक्टिस झाली नाही, नुसते बसून बोललो.

शेवटी हजेरीत होर्स्टचं नाव घेतो. रेनाटे दाराशी उभी असते, ती उत्तर देते: "हिअर." हजर.

होर्स्ट, मी शब्द पाळला. पाळायला नको होता.