उजव्या पायाची गाडी

"तुला कशाला एवढी पळणारी गाडी?" हा प्रश्न त्या महिन्यात मला इतक्या लोकांनी विचारला की शेवटी मी उत्तर देणंच बंद केलं. आईनं विचारला, दादानं विचारला, माझ्या ऑफिसातल्या कारकुनानं फाईल ठेवता ठेवता विचारला. 'तुला' म्हणताना प्रत्येकाची नजर जरा खाली जायची. माझ्या डाव्या पायाकडं.

तो पाय मी दोन वर्षांची असताना पोलिओनं गेला. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आहे, दोन लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे बंद. उजवा पाय मात्र ठणठणीत. आयुष्यभर दोघांचं काम एकट्यानं ओढल्यामुळं त्याची पोटरी पैलवानासारखी झालीय.

मी वकिली करते. वीस वर्षं मी बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर चालवली आणि नंतर चार वर्षं एक छोटी ऑटोमॅटिक गाडी. ऑटोमॅटिकला क्लच नसतो, त्यामुळं डाव्या पायाला काम नाही. पण त्या गाडीचा स्वभाव असा की पेडल दाबलं की ती आधी विचार करायची, मग मान हलवायची, मग गिअर बदलायची आणि मग कुठं निघायची. मी दाबायची आणि ती मला पुढची तारीख द्यायची. कोर्टात तारखा सोसायची सवय आहे मला. रस्त्यावरही सोसायच्या म्हणजे फार झालं.

आणि थांबण्याचंच म्हणाल तर लहानपणापासून लोक माझ्यासाठी थांबत आलेत. शाळेची सहल अजिंठ्याला गेली तेव्हा बाईंनी मला पायऱ्यांच्या खाली बाकावर बसवलं आणि सगळ्यांच्या पिशव्या माझ्या भोवती ठेवल्या. "तू राखण कर हं," म्हणाल्या. बाई प्रेमळ होत्या. पण मी त्या दिवशी लेणी बघितली नाहीत, पिशव्या बघितल्या. माझ्यासाठी थांबणारा माणूस चेहऱ्यावर जे समजूतदार हसू ठेवतो, ते मला लांबूनच ओळखू येतं.

तर जालना रोडवरच्या शोरूममध्ये मी आणि दादा गेलो. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, शहागंजात त्याचं कापडाचं दुकान आहे. शोरूमच्या पोरसवदा विक्रेत्यानं सरळ त्याच्याकडं बघून दार उघडलं. "सर, बैठके देखो. बसून बघा."

"गाडी हिची हाये," दादा म्हणाला.

विक्रेत्यानं माझ्याकडं बघितलं, मग कॅलिपरकडं, आणि ते ठरलेलं हसू आलं. "मॅडम, तुमच्यासाठी आपल्याकडं उंच गाडी आहे. चढायला-उतरायला एकदम आरामशीर."

"मला उंचावरच चढायला त्रास होतो," मी म्हटलं. "खाली बसणं सोपं जातं."

आणि मी ती निळी ऑटोमॅटिक स्पोर्ट्स सेडान उघडून आत बसले. आधी पाठ टेकवायची, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घ्यायचा. बुटक्या गाडीत हे दोन क्षणांचं काम असतं. ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. पण त्यानं विचारलं नाही.

आधी त्यानं दादाला गाडी चालवायला दिली आणि मला मागं बसवलं. दादानं ती दुकानातल्या रेशमाच्या ताग्यासारखी जपून नेली. मागच्या सीटवर काही कळत नाही. परत आल्यावर मी लायसन्स काढून विक्रेत्याच्या हातात दिलं. "आता मी."

"मॅडम, याचा रिस्पॉन्स लई शार्प आहे."

"म्हणूनच आलेय."

दुपारची वेळ होती. चिकलठाणा सोडून पुढं गेल्यावर रस्ता मोकळा झाला. सुरुवातीला मी फक्त पाय ठेवला. दाबला नाही, ठेवला. तेवढ्यानंही गाडी जागी झाली. पेडलच्या पहिल्या अर्ध्या इंचात एवढं काही असू शकतं हे मला माहीत नव्हतं. चपलेच्या पातळ तळव्यातून बारीक थरथर वर यायची. अंगठा जरा वाकवला की गाडी सरकायची, उचलला की लगेच ओढ कमी व्हायची. मधे विचारविनिमय नाही. विक्रेत्याला विचारून मी स्पोर्टचं बटण दाबलं. इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीत गेला आणि स्टिअरिंग हातात जड झालं.

मग मी दाबलं. पूर्ण नाही, निम्म्यापर्यंत.

खरं सांगायचं तर एक बारीक पोकळी आली. डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढी. टर्बो श्वास भरून घेतो तो क्षण. आणि मग सीटनं मला पाठीतून ढकललं. धक्का नव्हता तो, हिसकाही नव्हता. कुणीतरी दोन्ही पंजे पाठीवर सपाट ठेवून सरळ, न थांबता पुढं रेटत नेतंय असं वाटत होतं. आकडा बघता बघता ऐंशीवर गेला. मान मागं टेकली, कानातला डूल मागं गेला, आणि माझा कॅलिपर, जो आयुष्यभर मला खाली ओढत आला, त्याचं वजन मला कळेनासं झालं. मी पाय उचलला तशी गाडी शहाण्यासारखी उतरली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, तितक्याच तत्परतेनं.

"मॅडम, बस," विक्रेता म्हणाला. मागं बसलेल्या दादानं सीटचा पट्टा ओढून बघितला.

त्या रात्री जेवताना दादानं विषय काढला. "गाडी चांगलीय, नाय म्हणत नाय. पण तुला मोठी घे. आईला बसता येईल, सामान टाकता येईल."

"आईला हिच्यात पण बसता येतं."

"लोकं काय म्हणतील?"

"लोक म्हणतीलच. मी स्कूटर घेतली तेव्हा पण म्हणाले होते, पोरगी पडंल."

"पडली होतीस की," आई म्हणाली.

"दोनदा. मग उठले."

आईनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि विषय तिच्यापुरता संपला. गाडी घरी आली. पहिल्याच आठवड्यात छावणीतल्या एका गतिरोधकावर तिचं पोट घासलं आणि ज्याला त्याला आनंद झाला. मी तिरपी चढवायला शिकले.

मग अजिंठ्याला आत्याच्या नातवाचा साखरपुडा आला. दादाचं म्हणणं, आपण भाड्याची गाडी करू. मी म्हटलं, बस माझ्या शेजारी, नाहीतर एसटीनं ये. तो बसला. दाराच्या वरची मूठ त्यानं शहराबाहेर पडायच्या आधीच धरली.

चौक्याच्या घाटात मक्याची पोती भरलेला ट्रक डाव्या बाजूनं रांगत होता. मी उजवीकडून त्याच्या बरोबरीला आले. माझ्या मागं एक जीप चिकटलेली, इतकी की आरशात तिच्या दिव्यांशिवाय काही दिसत नव्हतं. मी ट्रकच्या निम्म्यावर असताना तो कुठलाही इशारा न देता उजवीकडं सरकायला लागला. हॉर्न दिला. तो सरकतच राहिला. त्याचं मागचं चाक दादाच्या खिडकीच्या उंचीचं, आणि ते जवळ येत होतं.

"ब्रेक मार!" दादा ओरडला.

ब्रेक मारला असता तर जीप आत घुसली असती. समोर रस्ता रिकामा होता. मी उजवा पाय शेवटपर्यंत दाबला.

ती पापणीएवढी पोकळी आली आणि गेली. गाडीनं एक गिअर खाली टाकला, आवाज चढला आणि चढावरसुद्धा ती अशी उसळली की ट्रकचं चाक, मग त्याची केबिन, मग त्याचं तोंड दादाच्या खिडकीतून मागं निघून गेलं. मी डावीकडं आले, पाय सैल केला. आरशात ट्रक आमच्या मगाच्या जागेवर होता. जीप मागं राहून जोरजोरात हॉर्न वाजवत होती.

घाट संपल्यावर मी गाडी बाजूला घेतली. दादा खाली उतरला आणि त्यानं बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. मग तो घाटाकडं वळला.

"मी असतो तर ब्रेकच मारला असता," तो म्हणाला.

"माहितीय."

"जीप दिसलीच नाय मला."

माझा उजवा पाय थरथरत होता, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी तो पेडलवर दाबून ठेवला होता. इंजिन बंद होतं.

तो परत आत बसला. "जरा हळू घे आता."

"नाय दादा. होते त्याच वेगानं जाणार. तो वेग बरोबर होता."

अजिंठ्यात गाडीभोवती आतेभाऊ जमले. बॉनेट उघडायला लावलं, चाकं बघितली. धाकट्यानं हात पुढं केला. "ताई, चावी दे, एक राउंड मारून येतो."

"नाही."

"का? मोडतो का मी?"

"मोडशील म्हणून नाही. माझी आहे म्हणून नाही."

आत्या म्हणाली, "अगं, दे की. पोरगं हाये." मी चावी पर्समध्ये टाकली आणि जिलेबी खायला आत गेले. पाठीमागं कुणीतरी म्हणालं की बाई लई तोऱ्यात हाये. म्हणू देत. सत्तेचाळीस वर्षांत मला हा शब्द कुणी पहिल्यांदाच लावला होता.

परतताना सिल्लोड गेलं तसा दादानं सीट मागं कलवली, चपला काढल्या आणि मूठ न धरता झोपी गेला. त्याचं डोकं माझ्या बाजूला कललं होतं. पुढं रस्ता सरळ आणि रिकामा होता. मी पाय हळूच, एवढासाच दाबला, म्हणजे त्याची झोप मोडणार नाही.