टीव्हीवाल्या साहेबांच्या घरी टीव्ही नव्हता

सासरे गेल्याचा फोन आला तसे आम्ही दोघं तडक निघालो. पिंपळगाव राजाच्या स्टँडवर बुलडाण्याची गाडी लागली आणि मी सवयीनं त्यांनाच फोन लावला. "मामाजी, निघालो आम्ही." निघताना कळवलं नाही तर ते रागवायचे ना... पलीकडं माझा साळा होता. तो म्हणाला, "या भाऊजी. सावकाश या." शेजारी मंदा, माझी बायको, तोंडाला पदर लावून बसली होती. ती रडत होती की माझ्या अकलेला हसत होती, हे मी अजून विचारलेलं नाही.

आमचे मामाजी वसंतराव. बुलडाण्याच्या टेकडीवर टीव्हीचं छोटं केंद्र सुरू झालं, त्या पहिल्या दिवसापासून ते तिथलं मशीन सांभाळायचे. वरून येणारा कार्यक्रम पकडायचा आणि आसपासच्या गावांत सोडायचा, एवढंच काम. पण मला कुठं माहीत? लग्न ठरल्यावर ते मला केंद्र दाखवायला घेऊन गेले, तर मी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात कंगवा ठेवून हजर. वर विचारलं, "बातम्या सांगणाऱ्या बाई किती वाजता येतात?" ते हसले नाहीत. कपाटाएवढ्या मशीनवर हात ठेवून म्हणाले, "त्या तिकडं मुंबईले बसतात, जावाईबापू. इथं मी, रहीमभाई अन् हे. हात लावून पाहा, गरम हाय." मी हात लावला. गाभण गाईच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांचा हात होता.

सुरुवातीच्या काळात म्हणे त्यांना भाजीबाजारातसुद्धा लोक अडवायचे. "साहेब, काल ऐन पिक्चरच्या टायमाले मुंग्या काऊन आल्या जी?" जणू पडद्यावरच्या त्या मुंग्या यांनीच डबीतून सोडल्या! मामाजी निमूट ऐकून घ्यायचे आणि रविवारी दुपारी त्या माणसाच्या छतावर चढून अँटेना फिरवायचे. वरून हे, "आलं का?" खालून सारं घर, "आलं, आलं... गेलं! थांबा जी, तसंच धरून राहा!" आणि हे खरंच पाइप धरून उन्हात उभे राहायचे.

एवढं असून त्यांच्या स्वतःच्या घरी टीव्ही नव्हता. मंदा शेजाऱ्यांकडं जाऊन पाहायची. शेजारीण म्हणायची, "सरक वं पोरी. बाप टीव्हीवाला, अन् लेक आमच्या घरी!" हे मंदाला जन्मभर बोचलं. संध्याकाळी केंद्र चालू, म्हणून बाप घरी नाही. तो यायचा तेव्हा लेकरं झोपलेली. मोठी झाल्यावर ती त्यांच्या तोंडावर म्हणायची, "साऱ्या जिल्ह्याले दाखवलं, घरीच कंजुसी केली तुम्ही." ते नुसती सुपारी कातरत बसायचे. टीव्ही न घेण्याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तिनं रुसवा कधी सोडला नाही. ते गेले, आणि तो रुसवा तिच्याजवळ तसाच राहिला... आता तो काढायचा तरी कुणावर?

तेरवीला रहीमभाई आले. बैठकीत मामाजींची खुर्ची तशीच होती, आणि टीव्हीसाठी बटण-प्लग बसवून ठेवलेला कोपरा आजही रिकामाच. चहा देता देता मंदानं तोच विषय काढला. रहीमभाईंनी कप खाली ठेवला.

"बेटा, मी बी इचारलं होतं. म्हटलं, वसंता, इतका कायले कंजूस बे? तर म्हणे, रहीम, घरात टीव्ही आला ना, तर मी संध्याकाळचा घरी नाही हे माह्या पोरीच्या ध्यानातच येणार नाही."

अशा वेळी काहीतरी बोलायची मला खोड आहे. तोंड उघडलंही होतं, देवाच्या कृपेनं मिटलं. मंदानं कपबशा उचलल्या आणि आत गेली.

परतीच्या गाडीत मोताळा मागं पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडं न वळताच म्हणाली, "बाबाले इतकंही समजलं नाही. टीव्ही असता, तरी मी दाराकडंच पाहत राह्यली असती."